सहीच्या वरची जागा

आफ्रिकेत जाऊन तिथल्या लोकांचं भलं करावं असं माझ्या मनात आलं, तेव्हा मी एक्कावन्न वर्षांचा होतो आणि स्वतःच्या गल्लीतल्या एकाही माणसाचं मी तोवर भलं केलेलं नव्हतं. हे आज कबूल करतोय. तेव्हा कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याला माझे गोपनीय अहवाल काढून दाखवले असते. त्यांत दरवर्षी 'उत्कृष्ट' शेरा होता, आणि तो मिळावा म्हणून साहेबांच्या घरी दर उन्हाळ्यात कांद्याच्या दोन गोण्या कशा पोचायच्या, ते मी कधीच विसरून गेलो होतो.

मी शेती खात्यात अधिकारी होतो. कांदाचाळ हा माझा विषय. कांदाचाळ म्हणजे कांदा साठवायची लांबट शेड. जमिनीपासून उचललेली, बाजूंना फटी ठेवलेली, म्हणजे आतून वारं खेळतं आणि कांदा सडत नाही. नाशिक जिल्ह्यात या विषयातला जाणकार म्हणजे किती मोठा माणूस, हे मला माहीत होतं; फक्त जिल्ह्याला माहीत नव्हतं. बायको नर्स होती, पेठ तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात. सोमवारी पहिल्या एसटीनं जायची, शनिवारी दुपारी परत यायची. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. सिडकोतल्या घरात आठवडाभर मी एकटा, पेपरातली अक्षरन् अक्षर वाचत.

तशीच ती जाहिरात वाचली. एक परदेशी संस्था होती, तिची कचेरी दिल्लीला. ती आपल्याकडच्या अनुभवी लोकांना दोन वर्षांसाठी आफ्रिकेत पाठवायची. पगार नाही, राहण्या-जेवण्यापुरतं मिळणार, आणि नवरा-बायको दोघांनी अर्ज केला तरी चालणार. मला सगळ्यात आवडला तो 'स्वयंसेवक' हा शब्द. अधिकारी म्हणून लोक आपल्याला मान देतात तो खुर्चीला असतो, असं बायको एकदा म्हणाली होती. म्हटलं, आता खुर्चीशिवाय दाखवतो.

शनिवारी ती मोरीत पांढऱ्या साड्यांना नीळ घालत होती, तेव्हा मी दारात उभा राहून तिला सगळं सांगितलं. मलावी, झांबिया असले देश, अज्ञान, गरिबी, आपलं कर्तव्य. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तिकडे बाळंतपणं कशी करतात हो?" मला माहीत नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "आपल्यासारखीच."

अर्ज आले ते प्रत्येकी अठरा पानांचे. असा चोंबडा अर्ज मी सरकारी नोकरीतही पाहिला नव्हता. तुम्हाला राग कधी येतो, तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता, तुम्ही कधी चुकलात का आणि त्यातून काय शिकलात. ज्या माणसांना स्वतःच्या संडासाची कडी नीट लावता येत नसेल ती दिल्लीत बसून माझे दोष विचारत होती. दोन्ही अर्ज अर्थातच मी भरले. आमच्या घरात अर्ज हे माझं खातं होतं. रेशनकार्ड, गॅस, पासपोर्ट, तिच्या बदलीचे विनंतीअर्ज, सगळं मी लिहायचो आणि ती सही करायची. माझ्या दोषाच्या जागी मी लिहिलं, 'कामात मी स्वतःला विसरतो.' तिच्या दोषाच्या जागी लिहिलं, 'अति सोशिक आहे.' दोन्ही एकाच बैठकीत, एकाच पेनानं. तिला विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

'तुमचं यशस्वी काम' या रकान्यात मी चांदवडजवळची माझी आदर्श कांदाचाळ लिहिली. अगदी मोजमापांसकट. नकाशा वरून आलेला, जागा मी निवडलेली, पाटी रंगवून घेतलेली. बांधकाम चालू असताना शेजारचा एक म्हातारा शेतकरी दोन वेळा येऊन म्हणाला होता, "साहेब, वारं इकून नाय येत." मी त्याला नकाशा दाखवला. त्या वर्षीचा कांदा तिच्यात मधोमध सडला आणि पुढच्या वर्षापासून मालकानं तिथं चारा भरायला सुरुवात केली. अर्जात मी लिहिलं, 'शेतकरी आजही तिचा वापर करतात.' खोटं त्यात काही नव्हतं.

पुढे दिल्लीचं जे सुरू झालं ते दीड वर्ष चाललं. दर पंधरवड्याला एक लिफाफा. फोटोत कान दिसत नाहीत. दातांचा दाखला नाही. मग पोलीस चौकशी, घरी आलेल्या हवालदारानं चहा पीत विचारलं, "आफ्रिका कशाला साहेब, दुबई नाय का भेटली?" मग नातेवाईक नसलेली अशी तीन माणसं हवीत, जी तुम्हाला जवळून ओळखतात आणि तुमच्याविषयी चांगलं लिहून देतील. अशी तीन माणसं गोळा करायला मला महिना लागला आणि त्यांतल्या दोघांना मजकूर मीच लिहून दिला. बायकोची तीन माणसं एका आठवड्यात झाली. डॉक्टरबाईंनी लिहिलं, शाळेच्या हेडमास्तरांनी लिहिलं, आणि एका पाड्यावरच्या सुईणीनं मास्तरांकडून लिहवून घेऊन खाली अंगठा दिला. मी तो अंगठ्याचा कागद पाठवू नको म्हणत होतो. शोभत नाही म्हणून.

ती आठवडाभर पेठला आणि दिल्लीला उत्तर हवं लगेच, सहीसकट. त्यावर मी तोडगा काढला. एका रविवारी तिच्यापुढे चार कोरे कागद ठेवले.

"याच्यावर काय लिहिणार?" तिनं विचारलं.

"जे लागेल ते."

तिनं पेन घेतलं. जन्माच्या रजिस्टरात करायची तशी पूर्ण नावाची सही, मराठीत, सावकाश. पत्र केवढं होईल काय माहीत, म्हणून तिनं प्रत्येक कागदाच्या पार तळाशी केली, उजव्या कोपऱ्यात. मी ते कागद माझ्या फाइलीत ठेवले. दोन वापरले, एक फोटोंच्या वेळी आणि एक दातांच्या. दोन्ही वेळा मजकूर मी हातानंच लिहिला.

मग एक दिवस पत्र आलं की तुम्हा दोघांना पुढच्या फेरीसाठी निवडण्यात आलं आहे. पुढची फेरी म्हणजे मुलाखत. हे मी लासलगावला साडूला फोनवर सांगितलं. साडू अडत्या. दिवसभर बाजार समितीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहून लिलावात ओरडणारा माणूस. त्याच्या कानात 'निवडण्यात आलं' एवढंच शिरलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मंगल कार्यालय धरलं. मला त्याला थांबवता आलं असतं. एक फोन करायचा होता. मी फोनकडे गेलो, आणि त्याऐवजी फेट्यासाठी डोक्याचं माप काय सांगायचं याचा विचार करत परत आलो.

स्टेजवर मागे कापडी फलक होता: आफ्रिका खंडाकडे प्रयाण करीत असल्याबद्दल सपत्नीक जाहीर सत्कार. मला फेटा, शाल, श्रीफळ. बायकोला साडूच्या बायकोनं, म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीनं, खण-नारळानं ओटी भरली. ती माझ्या एक पाऊल मागे उभी होती, जशा सत्कारमूर्तींच्या बायका उभ्या असतात. एक वक्ते म्हणाले, आपल्या भागाचा कांदा जगभर पोचला होता, आता माणूस पोचतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कांद्याच्या पंक्तीला बसवलं याचा मला राग यायला हवा होता. मी हात जोडले. मग मी चाळीस मिनिटं बोललो. अज्ञानात खितपत पडलेली जनता, असा शब्दप्रयोग मी तीन वेळा केला. समोरच्या रांगेत बसलेले शेतकरी जांभया देत होते, आणि मला त्यांची कीव येत होती.

परत येताना जीपमध्ये बायको म्हणाली, "अजून मुलाखत व्हायचीय ना?"

"ती नावापुरती."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "वीस वर्षं पेठला जातेय. तेव्हा कुणी मांडव नाही घातला." तक्रारीच्या सुरात नव्हे, सहज. मी हसलो. पेठला जाणं आणि आफ्रिकेला जाणं यांत फरक आहे, असं काहीसं मी बोललो.

त्यानंतर केळवणं सुरू झाली. आमच्याकडे लग्न ठरलेल्या मुला-मुलीला नातेवाईक घरोघर जेवायला बोलावतात. बावन्न वर्षांच्या मला आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या तिला लोकांनी तसं पाटावर बसवून, रांगोळ्या काढून शिरा-पुरी वाढली. वर भेटी. विजेऱ्या, थर्मास, मच्छरदाण्या, आणि एका मावशीनं स्वेटर दिला, कारण परदेश म्हटलं की थंडी. प्रत्येक जण विचारायचा, कधी निघताय? मी म्हणायचो, व्हिसाचं चाललंय. बायको ताटाकडे बघत राहायची. लोकांच्या या भाबडेपणाचा मला तेव्हाही तिटकारा होता. पण एकाही घरचं केळवण मी चुकवलं नाही.

मुलाखत पुण्याला होती. आम्ही एशियाड बसनं गेलो. बसमध्ये मी तिची तयारी करून घेत होतो. हे विचारलं तर असं सांग, इंग्रजी अडलं तर माझ्याकडे बघ. संस्थेच्या बाई पन्नाशीच्या होत्या, दक्षिणेकडच्या, सुती साडी, पायात साध्या चपला. मी पाहताक्षणी त्यांना मनातून खालच्या श्रेणीत टाकलं. शेवटची फेरी जोडप्याची होती, दोघं समोर बसायचं आणि पाळीपाळीनं उत्तरं द्यायची.

त्यांनी मला विचारलं की समजा एका गावात लोक मका जमिनीवरच साठवतात. तुम्ही उंच कोठार बांधा म्हणता, ते बांधत नाहीत. तुम्ही काय कराल?

"मी त्यांना शास्त्रीय पद्धतीनं समजावून सांगेन."

"तरी ऐकलं नाही तर?"

"पुन्हा समजावेन. प्रात्यक्षिक दाखवेन."

"त्यांच्याकडे काही कारण असेल तर?"

मी हसून म्हटलं, "मॅडम, अडाणी माणसांना सवयी असतात, कारणं नसतात." हे वाक्य मला फार जमलंय असं वाटलं. त्यांनी ते लिहूनही घेतलं, त्यामुळे तर माझी खात्रीच झाली.

मग बाई माझ्या बायकोकडे वळल्या. तुम्ही कधी चुकलात का? तिच्या अर्जात याचं उत्तर मी छान लिहिलं होतं आणि बसमध्ये तिच्याकडून पाठही करून घेतलं होतं. ती गप्प बसली. मी म्हटलं, "शी विल से..." तेवढ्यात बाई मला म्हणाल्या, आपण जरा थांबा. आणि तिला म्हणाल्या, हिंदीत बोला, मराठी आली तरी चालेल.

मग ती बोलायला लागली. पेठला गेली त्या पहिल्याच वर्षी एका पाड्यावर तिला बाळंतपणाला बोलावलं होतं. बाई उकिडवी बसून आढ्याला बांधलेला दोर धरून कळा देत होती आणि सुईण मागून कंबर दाबत होती. हिनं ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं त्या बाईला खाटेवर उताणं झोपवलं आणि सुईणीला बाहेर काढलं. तासन् तास गेले, मूल पुढे सरकेना. शेवटी सुईण स्वतःच आत आली, बाईला उठवून बसवलं, हातात दोर दिला, आणि थोड्या वेळात पोरगी झाली. "ती मला एका शब्दानं बोलली नाही," बायको म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी जाऊन बसले. म्हटलं, मावशी, मला शिकव. तेव्हापासून मी जमिनीवर बसूनच बाळंतपणं करते. जिथं ऑपरेशन लागणार असं दिसतं तिथं मात्र तिचं ऐकत नाही, जीप मागवते. आता ती पण ऐकते."

अंगठा देणारी सुईण ती हीच. इतक्या वर्षांत मला यातलं काही माहीत नव्हतं. बाईंनी विचारलं, मलावीत गेलात तर पहिल्यांदा काय शिकवाल? ती म्हणाली, "पहिला महिना नुसतं बघेन." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मग कितीतरी वेळ त्या दोघीच बोलत होत्या. मी भिंतीवरच्या आफ्रिकेच्या नकाशाकडे बघत बसलो. मला हेवा वाटत होता, साधा, पोटात दुखावं तसा हेवा, आणि मी स्वतःला सांगत होतो की बाईंना हिंदी बोलायला कुणीतरी हवं होतं इतकंच.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि संगमनेरपासून सिन्नरपर्यंत बोलत होती. तिकडे एका नर्सकडे किती गावं असतात, बायका किती लांबून चालत येतात, बाई काय काय म्हणाल्या. मी तिला इतकं बोलताना लग्नानंतर पाहिलं नव्हतं. पुढच्या सोमवारी तिनं जाताना एक दोनशे पानी वही घेतली. हेडमास्तरांकडून इंग्रजी वाक्यं मागून घ्यायची आणि देवनागरीत लिहून पाठ करायची. टेक अ डीप ब्रेथ. डोन्ट बी अफ्रेड. आय ॲम विथ यू. शनिवारी भाजी निवडताना तिचे ओठ हलत असायचे. मी तिचे उच्चार दुरुस्त करायचो.

पत्र आलं तो मंगळवार होता. टपाल मी फोडायचो, दोघांचंही. बायकोला मलावीतल्या एका जिल्हा रुग्णालयात सुईणींना शिकवायच्या कामासाठी घेतलं होतं, दोन वर्षांसाठी. माझ्यासाठी तूर्त योग्य काम नव्हतं. पण पत्नीचा सोबती म्हणून मी येऊ शकत होतो. राहायला दोघांना मिळून एक घर मिळेल, मला तिथं काम करता येणार नाही. तिची संमती पंधरा दिवसांत कळवावी.

मी ते पत्र चार वेळा वाचलं. सोबती. दोन वर्षं मी कुठल्या तरी बंगलीच्या पायरीवर बसून तिची वाट बघणार, आणि संध्याकाळी ती दमून आली की चहा टाकणार. पेठहून शनिवारी दमून आल्यावर तीच चहा टाकायची, हे मला तेव्हा आठवलं नाही. आठवला तो फलक. माझा फेटा, माझी चाळीस मिनिटं, आणि समोर बसलेला साडू. त्या स्टेजवर मी पुढे उभा होतो. आता मला एक पाऊल मागे उभं राहायचं होतं, आणि ते मला जमणार नव्हतं. याला दुसरं कुठलंही चांगलं नाव देता येत नाही, मी पुष्कळ वर्षं शोधून पाहिलं.

फाइलीत तिच्या सहीचे दोन कागद होते. माझं अक्षर दिल्लीला ओळखीचं झालं होतं, त्या अक्षरात हा नकार गेला तर तो माझाच वाटला असता, म्हणून मी टायपिस्टकडे गेलो. कोर्टाजवळ फुटपाथवर छत्रीखाली बसणारा म्हातारा, आमचे दाखले, प्रतिज्ञापत्रं त्यानंच टाईप केली होती. मी मजकूर घरून लिहून नेला होता. मला दिलेल्या संधीबद्दल मी आभारी आहे, परंतु कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे ती स्वीकारणं मला शक्य नाही. क्षमस्व. त्यानं कागद हातात घेतला, उजेडात धरला.

"बाईंची सही आधीच घेतली व्हय?"

"ती पेठला असते."

त्यानं कागद मशीनला लावला, बोटानं सहीपर्यंत अंतर मोजलं आणि मान हलवली. "मजकूर कमी पडंल साहेब. सही लय खाली हाय. डबल जागा सोडली तरी मधी एवढं मोकळं राहातंय. बघणाऱ्याला शंका यायची. आणखी दोन ओळी सांगा."

मी उभ्या उभ्या विचार केला. बाजूला एक जण सातबाऱ्याच्या कामासाठी खोळंबला होता, तो घड्याळ बघत होता. मी सांगितलं, "लिहा. हा निर्णय सर्वस्वी माझा स्वतःचा आहे. माझ्या पतीनं मला जाण्यासाठी नेहमीच प्रोत्साहन दिलं."

त्यानं टाईप केलं. आता बरोबर बसलं, म्हणाला. शिस्तशीर काम होतं. मी ते रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

शनिवारी तिला सांगितलं की दोघांनाही नाही म्हणाले. ती पिशवी खांद्यावर तशीच घेऊन खुर्चीत बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "तुमचा एवढा कांदाचाळीचा अनुभव, तरी नाही घेतलं?" तिला माझंच वाईट वाटत होतं. मग तिनं ती वही कपाटात पांढऱ्या साड्यांखाली ठेवली आणि चहा टाकायला गेली.

साडूला मात्र मी हे सांगू शकत नव्हतो. नापास झालो म्हणून सांगायचं तर शाल परत करावी लागली असती. त्याला सांगितलं, दोघांची निवड झाली होती हो, पण तिचं मन तयार होईना. बायकांचं घर सुटत नाही. "बायकांचं असंच राहातंय," साडू म्हणाला आणि माझ्याबद्दल त्याला फार हळहळ वाटली. महिन्याभरात सगळ्या नात्यात तेच पसरलं. मोठा माणूस, पण बायकोमुळे राहिला. लोक मला भेटून खांद्यावर हात ठेवायचे, आणि मी तो ठेवू द्यायचो.

साडूच्या नातवाचं बारसं झालं लासलगावला, तिथं ते तिच्यासमोर आलं. तिची बहीण चारचौघींत म्हणाली, "काय गं, एवढं चालून आलेलं, तू नको म्हणालीस? त्यांचा तरी विचार करायचा." मी पुरुषांच्या पंगतीत होतो, हाताच्या अंतरावर. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वाढप्याकडे मीठ मागितलं.

"हो," ती म्हणाली, "मीच नको म्हणाले. घर सोडवेना."

येताना एसटीत तिनं विषय काढला. "सत्कार झाल्यामुळे तुम्हाला खरं सांगायची लाज वाटली ना? असू द्या. माझ्या नावावर खपून जातंय तर जाऊ द्या. दाजींच्या तोंडी लागण्यापेक्षा बरं." तिनं हे समजुतीनं म्हटलं, लहान मुलानं काच फोडल्यावर म्हणावं तसं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तेव्हा सांगायला हवं होतं. तिच्याइतकी सहज क्षमा मला त्याआधी आणि त्यानंतर कुणी केली नाही, आणि मी ती भलत्याच गुन्ह्यासाठी घेतली.

पावसाळ्यानंतरची गोष्ट. एका शनिवारी ती आली, हातपाय धुतले, आणि पिशवीतून एक पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. अर्जात नोकरीचा पत्ता मागितला होता, तो मीच भरला होता. मुलाखतीच्या बाईंनी त्या पत्त्यावर, स्वतःच्या हातानं, हिंदीत लिहिलं होतं. संस्थेचं पत्र नव्हे, त्यांचं स्वतःचं. त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या नकाराचं मला फार वाईट वाटलं. ती जागा आता दुसऱ्या नर्सला दिली आहे. इतक्या वर्षांत इतक्या जणींशी बोलले, पण उकिडवं बसून शिकलेली एकच भेटली. तरी एका गोष्टीचं समाधान आहे. तुम्ही लिहिलंत की निर्णय सर्वस्वी तुमचा आहे आणि पतीची तुम्हाला साथ होती. बहुतेक जणींना असं लिहिता येत नाही.

माझं वाचून झालं तरी मी मान खालीच ठेवली. ती समोर बसली होती. ओरडली नाही. पाड्यावर बाळंतिणीच्या घरी असाच आवाज लावत असेल, अशा शांत आवाजात तिनं विचारलं, "नाही म्हणून कळवलंत ते समजलं मला. तुम्हाला नाही जमलं. पण निर्णय माझा स्वतःचा, हे कशाला घातलंत?"

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तुझी काळजी, तुझं वय, तिकडचा मलेरिया. पन्नास वर्षं मी कारणंच लिहीत आलो होतो. पण तोंडातून आलं ते खरं आलं.

"सही फार खाली होती," मी म्हटलं. "वर जागा उरली होती."

ती म्हणाली, "किती कागद उरलेत?"

"एक."

"द्या."

मी फाइल काढून तो कागद तिला दिला. तिनं साड्यांखालची वही काढली, तिच्यावर तो कागद ठेवला, बाईंचं पत्र शेजारी उघडं ठेवलं आणि खिडकीपाशी बसून लिहायला लागली. तिला पत्रं लिहायची सवय नव्हती. मध्ये मध्ये थांबायची, बोटं मोकळी करायची. माझ्याकडून तिनं एकही शब्द विचारून घेतला नाही. मी स्वयंपाकघरात गेलो आणि चहा टाकला. साखर कुठल्या डब्यात असते ते मला सापडेना, आणि तिला हाक मारायचं धाडस होईना.

बाहेर आलो तेव्हा ती कागदाची घडी घालत होती. काय लिहिलं ते तिनं सांगितलं नाही, आजवर सांगितलेलं नाही. घडी पडायच्या आधी एवढंच मला दिसलं, की पान वरपासून थेट सहीपर्यंत भरलेलं होतं.